दात बघायला गेलो होतो

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या गावाचं नावच धर्मापुरी असल्यामुळे हा सल्ला खास आम्हालाच दिलेला असावा, असं मला लहानपणी वाटायचं. पण गावात तो कुणी मनावर घेतलेला दिसत नाही. बीड जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला, लातूरच्या हद्दीजवळ आमचं गाव. केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ बघायला बाहेरगावची माणसं येतात, भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांपुढं माना वर करून उभी राहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "किती जुनं आहे हो?" कुणीतरी शतक सांगतं. त्यांचं समाधान होतं. म्हणजे दगडाचेही दात बघून झाले.

माझे चुलतभाऊ आप्पा यांना दगडात रस नाही. त्यांना जिवंत तोंड लागतं. दारावरून कुणाचा बैल चालला तरी त्यांचा हात आपोआप त्याच्या जबड्याकडे जातो. ते माझ्यापेक्षा 9 वर्षांनी मोठे, वय 77. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे ते मला 'गुरुजी' म्हणतात, आणि थोरले असल्यामुळे लगेच 'तू' म्हणतात. मान द्यायचा आणि तो त्याच वाक्यात परत घ्यायचा, ही हातोटी आमच्या घराण्यात फक्त त्यांच्याकडे आहे.

मार्गशीर्ष लागला, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की आप्पा तिथी मोजायला लागतात. वद्य चतुर्दशीला माळेगावची यात्रा भरते. हे माळेगाव नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं. नाशिककडच्या मालेगावशी त्याचा काही संबंध नाही. 'ल' आणि 'ळ' यांच्यातला फरक पोरांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि यात्रेला जायचं म्हटलं की अजूनही कुणीतरी विचारतंच, "एवढ्या लांब नाशकाकडं?"

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे आमची येळवस. पुण्यामुंबईच्या लोकांना हा सण माहीत नसतो. लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या या पट्ट्यात दिवाळीला घरी आला नाही तरी चालेल, पण येळवशीला शेतात आला पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे यात्रा पाच दिवसांची असली तरी आम्हाला एकच दिवस मिळतो. सकाळी जायचं, रात्री परतायचं.

"चाललाव तर चाललाव, येताना एक विळी आणा," सौभाग्यवतींनी सांगितलं. "धारेची. उद्या भज्जीला ढीगभर भाजी चिरायचीय. गेल्या साली आणलेली विळी भोपळ्याला घाबरती."

मी वहीच्या पानावर 'विळी' असं लिहून ते खिशात ठेवलं. शिक्षकाची सवय. लिहिलं की काम झालं, असं आम्हाला वाटतं.

"आप्पा, औंदा काय घ्यायचं?" मी विचारलं.

"घ्यायचं कशाला? भाव इचारायचा."

"भाव विचारायला एवढं लांब?"

"गुरुजी, तू लग्नाला जातुस तवा काय लगीन करून येतुस व्हय?"

यावर उत्तर नव्हतं. निघालो.

धर्मापुरीहून किनगाव, किनगावहून अहमदपूर, तिथून यात्रेची जादा गाडी, असा आमचा रस्ता. गाडीत कंडक्टर आला आणि आमचेच दात बघायला लागला. म्हणजे आधार कार्ड मागितलं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट. कंडक्टरनं आप्पांचं कार्ड उजेडाकडे धरलं, एकदा कार्डाकडे आणि एकदा आप्पांकडे पाहिलं, आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. माझं कार्ड पाहून म्हणाला, "तुम्हाला अजून टाइम हाय."

आप्पांनी शून्याचं तिकीट घडी घालून टोपीत खोचलं. चेहऱ्यावर असा आनंद, की बैल पहिल्या नंबरात आला असावा. "आमी जुळलेलं जनावर," ते शेजारच्याला म्हणाले, "ह्यो गुरुजी अजून सहादाती हाय."

शेजारचा हसला. ज्याला जनावरातलं कळतं तोच हसू शकतो असा तो विनोद होता. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. सगळा हिशेब खालच्या आठांवर. दुधाचे दात शाबूत आहेत तोवर वासरू आदत. पहिली पक्की जोडी आली, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचं झालं, की दुसं. मग चौसं, मग सहादाती, आणि चारी जोड्या भरल्या की जुळलं. इथपर्यंत निसर्ग प्रामाणिक असतो. जुळल्यानंतर मात्र वय ओळखायला दातांची झीज बघावी लागते, आणि तिथून पुढं व्यापाऱ्याची जीभ चालायला लागते. आप्पांना ही सगळी विद्या आहे. त्यांना स्वतःला मात्र गेली सहा वर्षं कवळी आहे.

अहमदपूर सोडून नांदेड रस्त्याला लागलं की यात्रा दिसायच्या आधी ऐकू येते आणि ऐकू यायच्या आधी तिचा वास येतो. कडबा, शेण, तळणीचं तेल, धूळ आणि हळद यांचा तो एकत्र वास बाटलीत भरता आला असता, तर परदेशातल्या आमच्या माणसांनी तो मागवून घेतला असता. मग पालं दिसतात. कापडाची, ताडपत्रीची, जुन्या लुगड्यांची. घिसाडी, गोसावी, वैदू, मसणजोगी आणि आणखी कितीतरी भटक्या जमाती पिढ्यानपिढ्या इथं जमतात. वर्षभर ज्यांना गाव नसतं, त्यांचं हे पाच दिवसांचं गाव. सोयरीक इथं जुळते, तंटा इथं मिटतो, आणि पोरगं केवढं झालं तेही आत्याला इथंच कळतं.

देवदर्शनाला गेलो तेव्हा पालखी निघाली होती. रिसनगावच्या पालखीचा इथं मान. 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर झाला आणि कुठूनसा मूठभर भंडारा आमच्यावर आला. माझा पांढरा सदरा पिवळा झाला. यात्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात, असं म्हणतात. भंडारा उधळणारा हे तीन वर्ग बघत बसत नाही. मी कुठल्या वर्गात बसतो याचा विचार करत डोळे चोळत होतो, तोवर आप्पा दर्शन उरकून दावणीकडे निघाले होते.

दावणीकडे आप्पांची चाल बदलते. एरवी गुडघा धरून चालणारा हा माणूस तिथं मागं हात बांधून, सावकाश, तपासणीला आलेल्या साहेबासारखा चालतो. लाल कंधारी जनावरांची रांग लागली होती. जवळच्या कंधार भागाचं हे आपलं जनावर. गडद तांबडा, नुकत्याच भिजलेल्या विटेसारखा रंग आणि डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड. त्यापुढं देवणी. त्यात तीन तऱ्हा. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके-डाग असलेला तो शेवरा. शेवऱ्यापुढं मी रेंगाळलो. एखाद्या पोरानं गृहपाठाच्या वहीवर दौत सांडावी आणि ती नेमकी सुंदर दिसावी, तसं ते खोंड होतं.

आप्पांची पद्धत ठरलेली. आधी लांबून बघायचं. मग मागून. मग "चालवून दाव" म्हणायचं. मालक चार पावलं चालवतो. आप्पा पाठीवरून हात फिरवतात, वशिंड चाचपतात, खूर बघतात आणि सगळ्यात शेवटी, पोथी उघडावी तसे हळूच ओठ बाजूला करतात.

"दुसा हाय."

"व्हय मामा, दुसाच."

"पाजलंय चांगलं. दूध घरात ठिवलं न्हाई तुमी."

मालकाचा चेहरा खुलतो. मग भाव. मालक आकडा सांगतो. आप्पा आकडा ऐकतात, थोडा वेळ बैलाकडे बघतात आणि म्हणतात, "जास्त न्हाई सांगितला." तंबाखूची देवाणघेवाण होते. पाऊस, सोयाबीन, कडब्याचा भाव, पोराची नोकरी, सगळं निघतं. अर्ध्या तासानं दोघं रामराम करून वेगळे होतात. बैल तिथंच, पैसे खिशात, आणि दोघंही असे तृप्त की सौदा झाला असता तरी एवढे झाले नसते.

असे आम्ही अकरा भाव विचारले. मी मोजले.

खरं सांगायचं तर आप्पांच्या गोठ्यात आज एकही बैल नाही. होती एक जोडी. लाल कंधारी. याच यात्रेतून घेतलेली, म्हणून नावं हौशा आणि नवशा. "तिसरा गवशा कुठाय?" असं कुणी विचारलं की आप्पा स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे. मग सालगडी मिळेनासा झाला. पाडव्याला ठरवलेला गडी दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळीत दिसायला लागला. पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर दोन तासांत मोकळा होतो आणि उरलेले दिवस त्याला कडबा घालावा लागत नाही. लेकानं हिशेब कागदावर मांडला. हिशेब बरोबर होता. मीच तपासून दिला होता. जोडी गेली त्या दिवशी आप्पांनी व्यापाऱ्याला एवढंच सांगितलं, "नवशाला डाव्या अंगानं जुंपा. उजवीकडं त्याला करमत न्हाई."

तेव्हापासून ते घ्यायला म्हणून यात्रेला आलेले नाहीत. पण भाव विचारायचं चुकवत नाहीत. पहिल्यांदा मला वाटायचं की हे म्हातारपणीचं रिकामपण आहे. आता वाटतं, दूरच्या गावी दिलेल्या लेकीच्या सासरचा माणूस भेटला की आपण जसं "बरंय ना सगळं?" विचारतो, तसं ते बाजाराला विचारत असावेत. उत्तरात आकडा येतो एवढंच.

दुपारी भजे आणि जिलेबी झाली. जिलेबी खाताना आप्पांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली, कारण तिला पाक चिकटतो. त्यानंतर आम्ही प्रदर्शनाच्या मांडवात शिरलो. नांदेडची जिल्हा परिषद इथं शेतमालाचं आणि जनावरांचं प्रदर्शन भरवते. भाजीपाला, फळं, मसाल्याची पिकं मांडतात, जातिवंत गुरं, घोडे, कुत्रे आणि कोंबड्यांचीही निवड होते, नंबर लागतात. एका टेबलावर एक दुधीभोपळा एकटाच निजला होता. त्याच्यापुढं चिठ्ठी. बाजूला त्याचा मालक इस्त्रीचे कपडे घालून उभा. मुंजीतल्या बटूच्या बापासारखा तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होता. त्या भोपळ्याकडे बघून मला क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं. खिशाकडे हात जाईपर्यंत ते निसटलं.

त्याच वेळी भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉइन शहरात असतो. तिथंही राज्याची जत्रा भरते, दर ऑगस्टात. 1854 साली सुरू झालेली आहे म्हणे. गेल्या खेपेला त्यानं तिथून आम्हाला व्हिडिओ लावला होता. डुकरांचे नंबर, भोपळ्यांचे नंबर, काडीला टोचून विकलेले नाना खाद्यपदार्थ, सगळं दाखवलं होतं. आणि शेवटी काचेच्या थंड खोलीत उभी असलेली एक गाय. खऱ्या गाईएवढी, पण अख्खी लोण्याची. 1911 पासून तिथं अशी लोण्याची गाय करतात, 600 पौंडांच्या आसपास लोणी लागतं. म्हणजे आपल्या मापानं पावणेतीन क्विंटलच्या घरात.

आप्पांनी तेव्हा फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ गाय न्याहाळली होती.

"जत्रा संपल्यावर लोण्याचं काय करतेत?"

"पुढच्या वर्षी पुन्हा वापरतात मामा. वर्षानुवर्षं तेच लोणी."

आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "तोंड मिटलेलं हाय. दात कसे बघावं?"

आज भाच्यानं विचारलं, "मामा, तिकडं काय विशेष?" मी फोन दावणीकडे फिरवला. तांबडी रांग, उडणारी धूळ, शेपट्या, झुली, घुंगरांचे आवाज. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "जरा तसाच धरा."

मी तसाच धरला. हात भरून आला, तरी धरला.

घोड्यांच्या बाजारात वेगळीच भाषा. तिथं दातांइतकंच भोवऱ्यांना महत्त्व. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठं पडलाय यावर घोडा शुभ की अशुभ ते ठरतं. गळ्याखाली देवमण असेल तर मालक सांगताना आवाज खाली आणतो. चारी पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. पांढरेशुभ्र नुकरे, मारवाडी कानांचे, काठेवाडी. भाव ऐकून मी नकळत दोन पावलं मागं सरलो, घोडा चुकून पायाखाली आला तर भरून द्यावा लागेल या भीतीनं. उंटांची रांग पुढं होती. उंटाच्या चेहऱ्यावर कायम आपली चूक त्यानं ओळखल्याचा भाव असतो. मी निवृत्तीपूर्वी अनेक शिक्षणाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तो पाहिलेला असल्यामुळे तिथं थांबलो नाही. कारवानी कुत्रे मात्र मन लावून पाहिले. चाकूर तालुक्यातल्या जानवळ भागात ही जात जपलेली आहे. उंच, सडपातळ, पाठीला बाक. चपळाई नुसत्या उभं राहण्यातही दिसत होती.

आणि मग गाढवांचा बाजार.

माळेगावच्या गाढवांची ख्याती मोठी आहे. वीटभट्टीला, वाळूला, जिथं चाक जात नाही तिथं ओझं वाहायला गाढव लागतं. पण आता चाक सगळीकडे जातं. 2012 च्या पशुगणनेत देशात तीन लाखांच्या वर गाढवं होती. 2019 च्या गणनेत ती सव्वा लाखाच्या आसपास उरली. सात वर्षांत 61 टक्के घट. वर्गात इतकी वर्षं 'गाढव' हा शब्द मी किती सढळ हातानं वापरला होता, ते आठवून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. माझ्या वर्गात तरी टंचाई कधी जाणवली नव्हती.

आप्पा चहाला थांबले होते. मी एका करड्या गाढवापुढं उभा राहिलो. डोळ्यांत विलक्षण सोशिकपणा. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून मालक पुढं झाला. रामराम केला. मीही केला. त्यानं माझा उजवा हात हातात घेतला आणि खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकलं. मला वाटलं, हस्तांदोलनाची इकडची पद्धत असावी. उपरण्याखाली त्यानं माझी काही बोटं दाबली. चांगला माणूस दिसतो, असं मनात म्हणून मीही त्याची तीन बोटं प्रेमानं दाबली. त्यानं मान हलवून पुन्हा दाबलं. मी पुन्हा दाबलं, या वेळी चार. आपुलकी वाढत गेली. एवढ्यात त्यानं माझा हात सोडला, गाढवाच्या पाठीवर भंडारा टाकला, आणि आजूबाजूच्या दोघातिघांनी "चांगलं जमलं गुरुजी" म्हणून माझं अभिनंदन केलं. मी शिक्षक आहे हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. बहुधा हात दाबण्यावरून.

मी गाढव विकत घेतलं होतं.

बाजारातला खरा सौदा असा मुक्यानं होतो, हे मी ऐकून होतो. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे दोघांना आधीच ठाऊक असतं. तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून वर कापड. या सौद्यात अडचण अशी झाली की भाव दुसऱ्यालाही कळला नव्हता. मी समजावून सांगायला लागलो. शुद्ध मराठीत. मालकाचा चेहरा बदलला. भरल्या बाजारात बोट देऊन माघार म्हणजे त्याची इज्जत गेली. गर्दी जमली. गाढव तेवढं शांत होतं.

आप्पा कपातला शेवटचा घोट घेत आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. सरळ गाढवाचं तोंड उघडलं.

"ह्ये काय सांगितलंय?"

"दुवान."

"चार दात दिसायलेत की रं. चौवान हाय. दोनाचं सांगून चाराचं देतुस व्हय गुरुजीला?"

मालक चिडला. दुवानच आहे म्हणाला, पुढचे दोन मोठे आहेत म्हणून तसं दिसतंय म्हणाला, आणि मग रागाच्या भरात बोलून गेला, "लई दात कळतेत तर तुमचं दाखवा की आधी, मामा!"

आप्पांनी शांतपणे तोंडात हात घातला, कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे. बघ. सहा वर्साची हाय."

आधी एक क्षण काहीच झालं नाही. मग मालक जो हसायला लागला तो थांबेना. गर्दी हसली. ज्यांना सौद्यातलं काहीच ठाऊक नव्हतं तेही हसले. मालकानं कवळी उपरण्याच्या टोकानं पुसून दोन्ही हातांनी परत दिली आणि आम्हाला चहा पाजला. आप्पांचा त्या दुपारचा दुसरा. निघताना मी गाढवाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतला सोशिकपणा जरा कमी झाल्यासारखा वाटला. मोठ्या संकटातून तेही वाचलं होतं.

उन्हं कलली तशी यात्रा दुसऱ्या अंगावर वळली. कुस्तीच्या फडाकडून हलगी ऐकू यायला लागली, पाळण्यांचे दिवे लागले, आणि तमाशाच्या कनातींबाहेर रांगा वाढल्या. आप्पा म्हणाले, "नुसतं बाहीरनं बघू." बाहेरून बघताना आम्ही रांगेत कधी आलो ते कळलं नाही. माझ्यापुढं उभ्या असलेल्या गृहस्थानं मागं वळून पाहिलं. तो माझा विद्यार्थी होता. आता स्वतः मुख्याध्यापक. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही एकाच वेळी, अत्यंत शिस्तीत, विरुद्ध दिशांना माना वळवल्या. त्याला मी काहीतरी नीट शिकवलं होतं याची ती पावती. आम्ही रांगेतून बाहेर पडलो.

गाडीकडे परतताना आप्पा एका दुकानापुढं थांबले. म्होरक्या, वेसणी, घागरमाळा, गोंडे, कासरे. त्यांनी एक कासरा उचलला, ताणून पाहिला, पीळ उलगडून पाहिला.

"केवढ्याला?"

आप्पांनी आज विचारलेला हा बारावा भाव. मी पाय पुढं टाकला. पण मागून आवाज आला, "दोन दे."

"आप्पा," मी म्हणालो, "बैल कुठंयत?"

"म्हणून काय एक घ्यावा व्हय? कासरा जोडीनंच घ्यावा लागतुय."

पुढं मी काही विचारलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी दोन्ही कासरे मांडीवर ठेवले होते. कंडक्टरनं आधार मागितलं, बघितलं, शून्याचं तिकीट दिलं. आप्पांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून ते कासऱ्याच्या टोकाची गाठ बोटांनी चाचपत होते. माझ्या खिशातला 'विळी' लिहिलेला कागद मला घरी सदरा काढताना सापडला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला.

दुसऱ्या दिवशी येळवस. पहाटे चारला उठून आमच्या घरात जुन्या विळीवर भोपळा चिरला गेला. तो चिरताना काय काय बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. यात्रेतला प्रदर्शनाचा भोपळा मला तेव्हा आठवला, पण मी त्याचा उल्लेख केला नाही. उन्हं वर यायच्या आत आम्ही सगळे आप्पांच्या शेतात होतो. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, समोर भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि माठात ताकातली आंबील. ज्वारी कमरेएवढी, हरभरा घाट्यावर. पुण्याहून, लातूरहून आलेली पोरं भाकरी खाऊन सुस्तावली. मोबाइलला रेंज नसल्यामुळे ती एकमेकांशी बोलत होती.

आप्पांच्या नातवानं झोक्याचा हट्ट धरला. दरसाल लिंबाला झोका असतो, पण औंदा दोर आणायचा राहिला होता. आप्पा उठले, कोपीत गेले आणि दोन्ही कासरे घेऊन आले. त्यांनी ते एकत्र पिळले, लिंबाची फांदी लांबून बघितली, मग खालून बघितली, हातानं चाचपली. दात तेवढे बघायचे राहिले. कासरे फांदीवरून टाकून त्यांनी गाठ मारली आणि घोंगडी घडी घालून तिच्यावर पोराला बसवलं.

बसवता बसवता त्यांचा हात सवयीनं त्याच्या हनुवटीकडे गेला. पोरानं आ केला. खालचा एक दात हलत होता.

"अजून आदत हाय," आप्पा मला म्हणाले.

"काय भाव?" मी विचारलं.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. मला वाटलं आता माझा हात धरतात आणि बोटं दाबतात. पण त्यांनी ते पोराच्या डोक्याला गुंडाळलं, ऊन लागू नये म्हणून. मग झोक्याच्या मागं उभे राहिले, एका हातानं कासरा धरला, जिभेनं टाळूवर 'टक्, टक्' असा आवाज काढला आणि नांगराला पहिली तास घ्यावी तसे, सावकाश, झोका पुढं हाकला.

पोरगं डाव्या अंगानं झुकत होतं. आप्पांनी ते सावरलं नाही.